घट्ट म्हणजे दमदार नव्हे

बॉडी वॉशची धार मधासारखी संथ पडली की गिऱ्हाईक खूश. पातळ दिसला तर ‘पाणी मारलंय’ हा शेरा ठरलेला.

प्रत्यक्षात हा दाटपणा बहुतेकदा साध्या मिठाचा असतो. एसएलईएस आणि बीटेन या मळ काढणाऱ्या फेसकांच्या नेहमीच्या जोडीत मीठ पडलं की त्यांचे सूक्ष्म गोल पुंजके लांबट होऊन एकमेकांत गुंततात आणि द्रव दाटतो. मळ काढायची ताकद त्यानं वाढत नाही. ‘पातळ राहिलं तर अजून मीठ टाका’ हा सल्लाही एका टप्प्यापर्यंतच खरा. तो ओलांडला की उलटं होतं: मीठ वाढेल तसं मिश्रण पुन्हा पातळ होतं, कधी गढूळही. घातलेलं मीठ परत काढता येत नाही, शिवाय बाजारच्या बीटेनमध्ये ते आधीच असतं. त्यामुळे 100 ग्रॅमचा नमुना बाजूला काढून त्यात 0.2 ग्रॅमच्या टप्प्यांनी मीठ घालून पाहणं शहाणपणाचं. डेसिल ग्लुकोसाइड या फेसकावर बेतलेल्या सल्फेटमुक्त वॉशला मात्र मिठानं काही फरक पडत नाही. तिथं झँथन गम लागतो, तोही आधी ग्लिसरीनमध्ये कालवून. नाहीतर गुठळ्या ठरलेल्या.

आम्लतेबद्दलचे गैरसमज जास्त महागात पडतात. साबणाच्या वडीचा पीएच 9 ते 10, त्वचेच्या पृष्ठभागाचा साधारण 5. वॉश 5 ते 5.5 वर आणला म्हणून तो कमी स्वच्छ करतो असं नाही. हे फेसक आम्लधर्मी पाण्यातही काम करतात. कॉस्टिक पोटॅशपासून केलेला खरा द्रवसाबण मात्र इतका खाली आणला तर फुटतो आणि मेदाम्लं वर तरंगतात.

टिकाऊपणाही पीएचवरच अवलंबून. सोडियम बेंझोएट जंतू रोखतं ते बेंझोइक आम्लाच्या रूपात. पीएच 5 ला त्याचा सुमारे 14 टक्के भाग या रूपात असतो, 7 ला एक टक्काही नाही. मग पीएच उतरवायला ‘नैसर्गिक’ म्हणून लिंबू पिळायचं? प्रत्येक लिंबाची आंबटी वेगळी, आणि रसातली साखर म्हणजे जंतूंना मेजवानी. सायट्रिक आम्लाचं पाण्यातलं द्रावण थेंबाथेंबानं घालावं, कारण पीएच 6 वरून 5 होणं म्हणजे आम्लता दहापट होणं.

क्रमही महत्त्वाचा: आधी पीएच, मग मीठ, कारण आम्लानं दाटपणाही बदलतो. आणि दाटपणा पाहायचा तो दुसऱ्या दिवशी, बुडबुडे बसल्यावर. नागपूरच्या मे महिन्यातल्या उकाड्यानं तोच वॉश पुन्हा सैल वाटेल. तेव्हा मिठाचा डबा उघडू नये.