तळोज्याच्या शेडवरचा सिमेंट पत्रा

पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत जुन्या शेडवर दिसणारा नालीदार सिमेंट पत्रा हा तंतूंनी बळकट केलेल्या सिरॅमिकचाच एक साधा प्रकार होय. पाण्याशी संयोग होऊन दगडासारखे घट्ट होणारे सिमेंट दाब सोसते, तर त्यात सुमारे दहा टक्के मिसळलेला क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस, ताण सोसतो. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी १९००च्या सुमारास बसवलेल्या पद्धतीत पातळ लगद्याचे थर एकावर एक चढवून हा पत्रा तयार होतो, म्हणूनच त्याच्या तुटक्या कडेला पापुद्रे सुटलेले दिसतात.

चार महिने धो-धो पाऊस आणि उरलेले आठ महिने बहुतांशी ऊन, या चक्रात आधी झिजते ते सिमेंट. घट्ट होताना त्यात मोकळा राहिलेला चुना पावसात हळूहळू विरघळतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे वरचा थर आकसतो, खालचा तितका आकसत नाही, आणि या ओढाताणीतून बारीक तडे जातात. रासायनिक कारखान्यांची आम्लधर्मी धुरी पावसात मिसळली की चुन्याचा ऱ्हास वेगावतो. खाडीकडच्या खाऱ्या हवेने पत्रा धरून ठेवणारे लोखंडी हुक गंजून फुगतात, तेव्हा चीर बहुधा हुकाच्या भोकापासूनच सुरू होते.

जवळून पाहिल्यास नव्या पत्र्याचा गुळगुळीतपणा जाऊन त्यावर राखाडी लव आलेली दिसते, आणि ही लव म्हणजे सिमेंट धुऊन गेल्यावर उघडे पडलेले तंतू होत. टिकाऊपणासाठी घातलेला घटक इथे खरोखरच टिकतो, आणि धोकाही तोच ठरतो, कारण सुटलेला तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेला तर कर्करोगाला कारण होऊ शकतो. पावसाळ्यापूर्वी शेवाळ कोरड्या ब्रशने खरवडण्याची पद्धत म्हणूनच घातक म्हणावी लागते; पन्हळीत साचलेला गाळही ओलाच उचलावा. फळी न टाकता अशा पत्र्यावर चढणे हा तर वेगळाच जिवावरचा खेळ.

अ‍ॅस्बेस्टॉसला पर्यायी तंतूंची गोष्ट नेमकी उलटी आहे: तिथे आधी तंतूच बिघडतो. साधी काच सिमेंटच्या तीव्र अल्कलीने खाल्ली जाते, त्यामुळे तिच्यात झिर्कोनिया घालावा लागतो. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज तंतूंच्या पोकळीत चुना मुरून ते कालांतराने ठिसूळ होतात, आणि पत्रा वाकण्याऐवजी एकदम तुटतो.