सधन जिल्ह्यातली बाळं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बालमृत्यू म्हटलं की मेळघाट आणि नंदुरबार आठवतात. ऊस, दूध आणि साखर कारखान्यांच्या कोल्हापुरात हा प्रश्न कुठला, असं अनेकांना वाटतं. हा समज जिल्ह्याच्या सरासरीवर पोसलेला आहे. त्या सरासरीत शिरोळचं सपाटीवरचं गाव आणि शाहूवाडीच्या डोंगरातला धनगरवाडा एकत्र मोजले जातात. काही वाड्यांवरून बाळंतिणीला आजही डोलीतून खाली आणावं लागतं. 108ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण ती रस्ता जिथं संपतो तिथंच थांबते.

‘दवाखाना जवळ असून लोकच जात नाहीत’, हा दुसरा समज. हंगामात बीडकडून आलेली ऊसतोड बाई फडाशेजारच्या कोपीत राहते. तोड पहाटे सुरू होते. खाडा पडला की मजुरी बुडते आणि मुकादमाची उचल तशीच अंगावर राहते. म्हणून बाळ दूध ओढेनासं झालं तरी ती संध्याकाळची वाट बघते, आणि तोवर उपकेंद्र बंद झालेलं असतं. गावाकडच्या आशाताईच्या यादीत तिचं नाव असतं, इथल्या यादीत बहुधा नसतं. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

बाहेरगावच्या बाळाला इथं सेवा मिळत नाही, हाही गैरसमजच. बाळाचं लसीकरण कार्ड बीडचं असलं तरी लस इथं मिळते. 2011च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. त्यासाठी रेशनकार्डाचा रंग बघितला जात नाही.

मुलगा-मुलगी भेद संपला, असंही म्हणतात. 2011च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे 863 मुली होत्या. देशभरातल्या सरकारी नवजात कक्षांतही मुली कमीच दाखल होतात. मुलगे निसर्गतः जास्त आजारी पडतात हे खरं, पण सगळी तफावत त्यानं भरून निघत नाही.

आणि बाळ फक्त यंत्रांनीच वाचतं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून कमी केले; 1999 साली ते जगापुढे आलं. आशाताईंच्या 42 दिवसांतल्या घरभेटी त्यातूनच आल्या. थंड पडलेले हातपाय, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, दूध न ओढणं, हे त्यांना ओळखता येतं. फक्त बाळ कुठं आहे हे त्यांना कळायला हवं. ऊसतोडीची कोणती टोळी कुठल्या फडावर उतरली, हे कारखान्याला ठाऊक असतं. ती यादी दर हंगामात आरोग्य केंद्राकडे गेली पाहिजे, म्हणजे आशाताई कोपीपर्यंत पोचेल.