जुनी पेटी, नवी बॅटरी

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं काकूंचें सहस्रचंद्रदर्शन झालें. त्या दिवशीं सकाळीं आमच्या हातून झालेला एक प्रमाद उघडकीस आला आणि सगळ्या घराचा हिरमोड झाला. प्रमाद आमचा होता. परंतु त्याचें मूळ दुसरीकडे होतें. तें मूळ शोधतां शोधतां जो विचार सुचला, तो घरांत जुनी वस्तु जपणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहावयास बसलों आहों.

आमचे धाकटे काका वाईस डॉक्टर होते. सारें घर त्यांना अप्पा म्हणे. १९६६ सालीं त्यांनीं एक वापरलेली मॉरिस मायनर मोटार घेतली. गाडी १९५१ सालची. अ‍ॅलेक इसिगोनिस या कल्पक यंत्रज्ञानें आंखलेली ही लहान, गोलसर मोटार १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांस दिसली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनें तिलाच ‘बेबी हिंदुस्थान’ हें नांव दिलें. पावसाळी रात्रीं, चिखलाच्या वाटेनें, कोणा अडलेल्या बाळंतिणीसाठीं अप्पा याच गाडींतून जात, आणि पुष्कळदां शेजारीं कंदील घेऊन काकू बसलेल्या असत. अप्पा वारल्यावर ती गाडी विकावी असें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं. पुढें वाईचें बिऱ्हाड आंवरून आम्ही सर्व मंडळी हिंजवडीस राहावयास आलों, तेव्हां तीहि आमच्याबरोबर आली. जेथें एके काळीं शेतें होतीं, तेथें आज राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या कांचेच्या इमारती आणि मेट्रोचे उंच खांब उभे आहेत. त्यांच्या शेजारीं, आमच्या इमारतीच्या तळघरांत, ही म्हातारी मोटार उभी असते. तिची नोंदणी अजून साधीच आहे. दर पांच वर्षांनीं तपासणी करवून ती चालूं ठेवावी लागते.

काकूंची इच्छा एकच होती : त्या दिवशीं कार्यालयापर्यंत अप्पांच्या गाडींतून जावयाचें.

आतां वाचकांस थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. मोटारीचें हृदय इंजिन हें खरें. पण तें हृदय प्रथम हलवावयास बॅटरी लागते. पूर्वीं गाडीच्या तोंडाशीं लोखंडी हँडल घालून इंजिन हातानें फिरवीत, आणि उलटा झटका बसून कित्येकांचे हात मोडत. १९१२ सालीं अमेरिकेंत चार्ल्स केटरिंगनें सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीस बसला, आणि तेव्हांपासून बॅटरीला कर्त्या पुरुषाचें महत्त्व आलें. तिचें कूळ मात्र त्याहूनहि जुनें. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडवून, पुन्हां पुन्हां भरतां येणारी पहिली बॅटरी तयार केली. शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल यांचें एक घर म्हणजे एक सेल. त्याचा दाब दोन व्होल्टांहून किंचित् अधिक. असे सहा सेल ओळीनें जोडले म्हणजे १२ व्होल्टांची बॅटरी होते. जुन्या कित्येक गाड्यांत तीनच सेलांची, ६ व्होल्टांची बॅटरी असे. आमच्या मायनरची मात्र १२ व्होल्टांची.

त्या काळची बॅटरी एकदां पाहिली म्हणजे विसरत नाहीं. काळ्या कठीण रबराची जड पेटी, माथ्यावर डांबराचा थर, त्यांतून डोकें काढणाऱ्या शिशाच्या जाड पट्ट्या, आणि सेलागणिक एक अशीं सहा बुचें. दर पंधरवड्यास बुचें उघडून आंतील आम्ल पट्ट्यांच्या वर आहे कीं नाहीं हें पाहावयाचें, आणि उणें असल्यास शुद्ध पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, घालावयाचें. हें काम अप्पांनीं आम्हांला शाळकरी वयांत शिकविलें. “पाणी कमी पडलें तर बॅटरी मरते, जास्त झालें तर सांडते, संध्येच्या पळीनें घालावें तसें घाल,” असें ते म्हणत.

आजच्या बॅटरीस हा उपचार लागत नाहीं. ‘एजीएम’ म्हणून जी जात निघाली आहे, तींत तेंच शिसें आणि तेंच आम्ल असतें. पण आम्ल मोकळें न ठेवतां कांचेच्या बारीक तंतूंच्या गादींत शोषवून ठेवलेलें असतें. पाणी घालावयाचें नाहीं, आम्ल सांडण्याचें भय नाहीं, आणि लहान आकारांतहि स्टार्टर फिरविण्याइतका जोर असतो. अडचण एकच, ती रूपाची. मायनरचें बॉनेट उचललें कीं बॅटरी अगदीं समोर दिसते. सभोंवतीं सर्व १९५१ सालचें, आणि मध्यें मोठ्या अक्षरांत नांव छापलेला चकचकीत प्लास्टिकचा डबा! पैठणीवर नायलॉनचा पट्टा बांधावा तसें तें दिसतें. म्हणून जुन्या गाड्यांचे हौशी लोक एक युक्ति करतात. जुनी पेटी रिकामी करावयाची, किंवा तशीच पोकळ पेटी नवी करवून घ्यावयाची; आंत लहान नवी बॅटरी बसवावयाची; तिच्या टोकांपासून जाड तारा माथ्यावरील जुन्या टोकांस जोडावयाच्या; आणि वर जुन्या वळणाचें झांकण लावून टाकावयाचें. बाहेरून पाहणाराला अप्पांचा काळ दिसतो, आंत आजची शक्ति असते.

आमच्या पुतण्यानें हीच युक्ति केली, आणि कोणास सांगितली नाहीं. तो येथेंच एका कंपनींत विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांवर देखरेख करणाऱ्या प्रणालीचें काम करतो. हात कुशल, स्वभाव अबोल. पुढें जुन्या गाड्यांच्या एखाद्या मेळाव्यांत मायनर न्यावी आणि परीक्षकांनींहि ओळखूं नये, असा त्याचा बेत होता. परीक्षकांचें राहो, आम्हींच ओळखलें नाहीं. पेटी इतकी जशीच्या तशी दिसली कीं, आम्हीं मोठ्या समाधानानें आपला पंधरवड्याचा नेम चालूं ठेविला. बूच उघडावें, आंत अंधार दिसावा, पाणी उणें झालें असें समजून पळी-पळीनें घालावें. असे तीन पंधरवडे गेले.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीं काकू शालू नेसून गाडींत बसल्या. पुतण्यानें स्टार्टरची कळ ओढली. ‘टक्’ असा एक आवाज झाला, आणि पुढें कांहीं नाहीं. हँडल मारून पाहिलें. पण ठिणगीला लागणारी वीजहि बॅटरीचीच, ती कोठून येणार? अखेर काकूंना भाड्याच्या मोटारींत बसवून कार्यालयांत नेलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. निघतांना त्यांनीं एकदां मागें वळून पाहिलें, तेवढें आमच्या लक्षांत राहिलें.

दुसऱ्या दिवशीं पेटी वर आणून सज्जांत उघडली. आंत आम्हीं घातलेलें पाणी सांचलें होतें. जुन्या पेटीच्या भिंतींना चिकटून राहिलेलें आम्ल त्या पाण्यांत उतरलें होतें. त्यानें तारांचीं टोकें हिरवीं-पांढरीं करून खाऊन टाकलीं होतीं, आणि त्याच ओलींतून वीज अहोरात्र झिरपून गेली होती.

“काका, तुम्ही यांत पाणी घालीत होतां?” पुतण्यानें विचारलें.

“अरे, बॅटरींत पाणी घालावयाचें नाहीं तर काय घालावयाचें?”

“पण ती बॅटरी नाहीं, नुसता डबा आहे!”

“तें आम्हांला कोण सांगणार होतें?”

काकू दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “परीक्षकाला सांगितलें नसतेंस तरी एक वेळ चाललें असतें रे, पाणी घालणाऱ्याला तरी सांगावयाचें होतेंस.”

त्या एका वाक्यानें आमच्या मनांतला राग गेला आणि विचार सुरू झाला. नव्या वस्तूला जुनें रूप देणें हें मुळांतच खोटें आहे काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. देवघरांत ज्योतीच्या आकाराचा विजेचा दिवा लावतात. तो दिवा आहे हें घरांतील पोरालाहि ठाऊक असतें, म्हणून तेथें फसवणूक नाहीं. याच पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यांत, आकुर्डीच्या बजाज कंपनीची चेतक स्कूटर १९७२ सालीं निघाली, आणि घराघरांतून फिरून पुढें बंद पडली. २०२० च्या जानेवारींत तेंच नांव आणि गोलाईचें तेंच वळण घेऊन विजेवर चालणारी चेतक विकावयास आली. तिच्या पोटांत पेट्रोल नाहीं, लिथियमची बॅटरी आहे. पण कंपनीनें ती गोष्ट लपविली नाहीं, उलट मिरविली. रूप जुनें, अंतरंग नवें, आणि दोन्ही उघड.

इतिहासाची निगा राखणाऱ्या जाणत्यांनींहि हाच विवेक सांगितला आहे. जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धारासंबंधीं १९६४ सालीं व्हेनिस येथें जी सनद झाली, तिचा एक दंडक असा कीं, नष्ट झालेल्या भागाच्या जागीं घातलेला नवा भाग एकूण रूपाशीं जुळावा, परंतु मूळ भागापासून ओळखतां यावा. जुन्या मोटारींसाठीं १९६६ सालीं स्थापन झालेल्या ‘फीवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची ट्युरिनची सनद याच धर्तीची आहे : केलेला बदल शक्यतों परत फिरवितां यावा, आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. आपल्याकडे २०२१ सालीं केंद्र सरकारनें मोटार-वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत जपलेल्या गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी दिली. तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. ती दहा वर्षें चालते, मात्र अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरास चालत नाहीं. त्या नियमांत सांगाडा, बाहेरील कवच आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको असें म्हटलें आहे. बॅटरी ही टायरप्रमाणें झिजून बदलावी लागणारी वस्तु. ती बदलल्यानें गाडीचें गाडीपण जात नाहीं. वीस वर्षांनीं भेटलेल्या देवदत्तास ‘तोच हा’ म्हणून आपण ओळखतों, ही न्यायशास्त्राची प्रत्यभिज्ञा येथेंहि लागू पडते. त्यानें नवा सदरा घातला म्हणून तो दुसरा होत नाहीं. पण सदरा जुनाच आहे असें त्यानें सांगूं नये.

म्हणून आम्हीं दोघांनीं पेटी पुन्हां सिद्ध केली. ज्यांना हें करावयाचें असेल त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. पहिली, जुनी भरलेली बॅटरी घरीं फोडूं नये. शिसें विषारी आहे, मुलांना तर फारच. २०२२ च्या नियमांप्रमाणें जुनी बॅटरी ती गोळा करणाऱ्या अधिकृत ठिकाणींच द्यावी. तेव्हां पोकळ पेटी नवी करवून घेणें हाच शहाणपणाचा मार्ग. आमच्यासारखी जुनी रिकामी पेटी हाताशीं असलीच, तर हातमोजे घालून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें ती फसफस थांबेपर्यंत धुवावी आणि कोरडी करावी. दुसरी, पेटी हवाबंद करूं नये. बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु सुटूं शकतो, आणि हवेच्या शंभर भागांत तो चार भाग झाला कीं ठिणगीनें पेटतो. म्हणून तळाशीं व माथ्याशीं वायूस वाट ठेवावी. तिसरी, जुन्या डायनामोचा दाब मोजून पाहावा. एजीएमला निर्मात्यानें घालून दिलेली मर्यादा, बहुधा साडेचौदा व्होल्टांच्या आसपासची, ओलांडतां उपयोगी नाहीं. चौथी सर्वांत महत्त्वाची. त्या काळच्या पुष्कळ विलायती मोटारींप्रमाणें मायनरचें धन टोक गाडीच्या लोखंडी अंगास जोडलेलें असतें. आजच्या गाड्यांत ऋण टोक असतें. हें न जाणणाऱ्या कोणीं दुसऱ्या गाडीवरून तारा लावून ती चालूं करावयास घेतली, तर अनर्थ व्हावयाचा.

ही चौथी गोष्ट लिहितांना आमच्या ध्यानांत आलें कीं, खरें सांगणें हा येथें केवळ नीतीचा प्रश्न नाहीं, जिवाचा आहे. पुतण्याहि तें समजला. त्यानें पेटीच्या मागच्या अंगास एक लहान पितळी पट्टी लावली. बॉनेट उघडल्यावर चटकन् दिसूं नये, पण हात घालणाऱ्यास दिसल्यावांचून राहूं नये, अशी. आंत एजीएम बॅटरी आहे, ती कोणत्या तारखेस बसविली, धन टोक कोणीकडे आहे, एवढें तीवर कोरलें आहे; आणि तोच मजकूर गाडीच्या कागदपत्रांतहि ठेविला आहे. पुढें ही बॅटरीहि जाईल. आमच्याच हिंजवडीच्या केपीआयटी कंपनीनें पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेच्या सहकार्यानें केलेलें सोडियमच्या बॅटरीचें तंत्र २०२३ च्या डिसेंबरांत जाहीर झालें आहे. उद्यां एखादा नातू तसलीच कांहीं पेटींत बसवील. त्यानें पट्टीवर आपली ओळ वाढवावी म्हणजे झालें. मेळाव्यास गाडी नेली, तर परीक्षकास आपण होऊन सांगावयाचें हेंहि ठरलें आहे. गुण जातील ते जावोत.

ज्येष्ठाच्या पहिल्या रविवारीं काकू त्या गाडींत बसून सकाळचा एक फेरफटका करून आल्या. परत आल्यावर त्यांनीं बॉनेट उघडावयास लाविलें, चष्मा पुसून पितळी पट्टी वाचली, आणि तीवर आणखी एक ओळ कोरून घेण्यास सांगितलें. पुतण्यानें ती त्याच दिवशीं कोरली. ती अशी : ‘यांत पाणी घालूं नये.’