उघड्या दाराची तीन शतकं

इंद्रलोक वसाहतीतून रिक्षा पकडून भाईंदर स्टेशन गाठणारा आणि चर्चगेट लोकलमध्ये शिरणारा माणूस रोज एका चर्चच्या नावाने प्रवास करतो. ते चर्च नेमकं कुठलं, हे त्या डब्यात क्वचितच कुणी सांगू शकेल. चर्चगेटला उतरून पूर्वेकडे वीर नरिमन रस्त्याला लागलं आणि हुतात्मा चौक ओलांडला, की हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे ते दिसतं. सेंट थॉमस कॅथेड्रल. १७१८ च्या नाताळला त्याचं दार पहिल्यांदा उघडलं. आज तिथे उपासनेला येणारी मंडळी असतातच, शिवाय वारसा-फेरीत आलेले मुंबईकर, शिक्षकांमागून रांगेने चालणारी शाळेची मुलं आणि डिसेंबरात कॅरल ऐकायला आलेले सगळ्या धर्मांचे श्रोतेही असतात.

ही गर्दी अलीकडची आहे, असं वाटणं साहजिक आहे. पण या वास्तूची तीनशे वर्षं मागे जाऊन पाहिली, तर तिच्या प्रत्येक वळणावर बाहेरचा माणूस भेटतो. उपासक मंडळींनी तिला जपलं हे खरंच, पण त्या मंडळीत नसलेल्यांचा हातही तिच्या बांधणीत आणि जपणुकीत सतत राहिला आहे.

चाळीस वर्षं उघड्यावर

१६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं. पुढच्याच वर्षी गव्हर्नर झालेल्या जेराल्ड ऑंजिअरने या दलदलीच्या बेटातून शहर घडवायचं मनावर घेतलं. व्यापारी यावेत म्हणून त्याने निरनिराळ्या जातिधर्मांच्या लोकांना आपापल्या रीतीने राहण्याची हमी दिली. दीवच्या नीमा पारख या व्यापाऱ्याला १६७७ मध्ये दिलेली अशी हमी इतिहासात नोंदलेली आहे. त्याच काळात, १६७६ मध्ये, ऑंजिअरने कोटाच्या आत इंग्रजांसाठी चर्चचा पाया घातला. त्याने दिलेलं चांदीचं पात्र या चर्चच्या जुन्या ठेव्यात मोजलं जातं.

ऑंजिअर १६७७ मध्ये सुरतेला वारला आणि काम थांबलं. पंधरा फुटांपर्यंत चढलेल्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षं तशाच राहिल्या. मधल्या काळात साथी आल्या, १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने बेटावर हल्ला केला, कंपनीचे अधिकारी आले आणि गेले. अर्धवट भिंतींवर पाऊस पडत राहिला.

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब हा धर्मगुरू मुंबईत आला. कंपनीचं इतकं मोठं ठाणं आणि धड चर्च नाही, ही गोष्ट त्याने प्रवचनातून सगळ्यांसमोर मांडली. वर्गणी सुरू झाली, जुन्या जागी बांधकाम पुन्हा उभं राहिलं आणि २५ डिसेंबर १७१८ रोजी गव्हर्नर चार्ल्स बून याच्या उपस्थितीत चर्च उघडलं. कॉबने या सगळ्याची हकिगत लिहून ठेवली. ती १७६६ मध्ये लंडनला छापली गेली, म्हणून त्या दिवसाचा तपशील आज आपल्या हाती आहे.

पहिल्या दिवसाचा पाहुणा

त्या हकिगतीतलं एक नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं आहे: रामा कामती. मुंबईतल्या शेणवी समाजाचा हा पुढारी मोठा धनवान व्यापारी होता. वाळकेश्वराच्या देवळाचा १७१५ चा जीर्णोद्धार त्याच्याच नावावर आहे. चर्चच्या उद्घाटनाला तो आपल्या जातभाईंना घेऊन आला आणि तिथली उपासना त्या सर्वांनी पाहिली, असं कॉब सांगतो. ज्याच्या पैशाने वाळकेश्वराचं देऊळ उभं राहिलं, तोच माणूस तीन वर्षांनी कोटातल्या चर्चच्या पहिल्या उपासनेला हजर होता. मुंबई शहराच्या स्वभावाची याहून जुनी साक्ष शोधायला फार दूर जावं लागेल.

पुढची गोष्ट मात्र दुःखाची आहे. १७२० मध्ये त्याच रामा कामतीवर कान्होजी आंग्र्यांशी फितुरी केल्याचा आरोप ठेवला गेला. खटला चालला, मालमत्ता जप्त झाली, जन्मठेप झाली आणि तुरुंगातच त्याचा शेवट झाला. ज्या पत्रांवर हा खटला उभा होता ती बनावट होती, हे नंतर उघडकीला आलं. चर्चच्या पहिल्या दिवशी पुढे बसलेला गव्हर्नर बून हाच या शिक्षेच्या वेळीही सत्तेवर होता. म्हणून या वास्तूत फिरताना रामा कामतीची पूर्ण गोष्ट सांगितली गेली पाहिजे. त्याचं येणंही सांगावं आणि त्याच्यावरचा अन्यायही.

खाडीपलीकडची धग

भाईंदरच्या माणसाला या इतिहासात आपला परिसरही सापडतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून साष्टी घेतली. उत्तनजवळच्या धारावी किल्ल्यासाठी झुंज झाली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई जिंकली. त्या विजयाने मुंबईचे इंग्रज हादरले. कोटाभोवती खंदक खणायचं ठरलं आणि त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये दिले. म्हणजे आपल्या खाडीकाठच्या लढाईमुळे त्या चर्चभोवतीचा कोट अधिक भक्कम झाला.

त्याच मोहिमेनंतर वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळच्या मेणवलीत त्या आजही आहेत. वसईच्या किल्ल्यातल्या बहुतेक चर्चची छपरं गेली, भिंतींवर झाडं उगवली, पण घंटा शाबूत राहिल्या. कारण त्या वाजत राहिल्या, लोकांच्या रोजच्या व्यवहारात राहिल्या. बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यात पोर्तुगिजांनी चर्च केलं, मराठ्यांच्या विजयानंतर तिथे पुन्हा शिव आला. लेण्यावरची मठाची इमारत मात्र वापराविना ढासळत गेली. वास्तू दगडाने उभी राहते आणि वापराने टिकते. भाईंदर ते वसई या पट्ट्यात याचे दाखले पावलोपावली आहेत.

मनोरा, कारंजं आणि मैलाचे दगड

सेंट थॉमस मात्र वापरात राहिलं. १८१६ मध्ये कलकत्त्याचे बिशप मिडल्टन यांनी ते प्रेषित थॉमस याच्या नावाने अर्पण केलं. १८३७ मध्ये थॉमस कार मुंबईचे पहिले बिशप झाले आणि चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. पाठोपाठ घड्याळाचा उंच मनोरा चढला. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी कोटाच्या भिंती पाडल्या. त्यात चर्चकडे नेणारा दरवाजाही गेला आणि त्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. दरवाजाचं नाव तेवढं पुढे रेल्वे स्टेशनला मिळालं.

चर्चच्या पश्चिम दाराशी एक नक्षीदार कारंजं आहे. त्याचा आराखडा इंग्लंडचे नामवंत वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आणि देणगी सर कावसजी जहांगीर रेडिमनी या पारशी दात्याची. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या मनोऱ्यालाही रेडिमनींचा हातभार लागला होता. मुंबईचे जुने मैलाचे दगड याच कॅथेड्रलपासून अंतर मोजत. त्यातले काही आजही दक्षिण आणि मध्य मुंबईच्या पदपथांवर सापडतात. साऱ्या शहराची मोजणी या दारापासून होत असे.

१८६० मध्ये कॅथेड्रलच्या गायकवृंदासाठी मुलं तयार व्हावीत म्हणून शाळा निघाली. तीच पुढे कॅथेड्रल अँड जॉन कॉनन स्कूल म्हणून वाढली आणि तिथे सर्व धर्मांची मुलं शिकली.

भिंती वाचताना

कॅथेड्रलच्या आत शिरलं की डोळे भिंतींवर खिळतात. संगमरवरी स्मारकं आणि पितळी पाट्या जवळजवळ जमिनीपासून वरपर्यंत आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या स्मारकावर बनारस आणि काठेवाडातल्या बालहत्या बंद केल्याचा उल्लेख आहे. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत कॅप्टन स्कॉटबरोबर १९१२ मध्ये मरण पावलेला हेन्री बॉवर्स हा रॉयल इंडियन मरीनमधला अधिकारी होता, म्हणून त्याचीही आठवण इथे आहे. विशी-तिशीत तापाने गेलेल्या तरुणांच्या आणि बाळंतपणात गेलेल्या स्त्रियांच्या पाट्या वाचताना मन भरून येतं.

याच भिंती साम्राज्याची स्तुतीही गातात. ज्यांना तिथे वीर म्हटलं आहे, त्यांच्या तलवारी आपल्या पूर्वजांवरही चालल्या. हे सोडून दिलं तर फेरी अपुरी राहते आणि फक्त एवढंच सांगितलं तरी अपुरीच राहते. चांगला वाटाड्या दोन्ही सांगतो आणि श्रोत्यांना पाटीसमोर थोडा वेळ उभं राहू देतो.

पुन्हा बाहेरचे हात

स्वातंत्र्यानंतर कोटात कचेऱ्या वाढत गेल्या आणि राहती वस्ती कमी झाली. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि कॅथेड्रल त्या मंडळीत आलं. पण इतक्या मोठ्या इमारतीचं छप्पर, लाकूड, रंगीत काचा आणि चुन्याचा गिलावा सांभाळणं एका मंडळीच्या आवाक्यातलं काम नसतं. मुंबईचा पाऊस दरवर्षी परीक्षा घेतो. त्यात जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं, तर ओल आत कोंडते आणि भिंत आतून खंगते.

१९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा वास्तूंची नियमावली आली. अशी नियमावली करणारं हे देशातलं पहिलं शहर. १९९९ मध्ये बॉम्बे हेरिटेज वॉक्स सुरू झाले, त्याच वर्षी काळा घोडा महोत्सवही सुरू झाला. नागरिक कोटातल्या इमारतींकडे मान वर करून पाहू लागले. वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांनी कॅथेड्रलच्या जतनाचं काम केलं आणि २००४ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये भरत गोठोसकरांनी खाकी टूर्स सुरू केली आणि शहर पायी पाहण्याची आवड आणखी पसरली. २०१८ मध्ये कॅथेड्रलला तीनशे वर्षं पूर्ण झाली.

संगीताने या दाराची रुंदी वाढवली. उंच छत, दगडी भिंती आणि लांब सभागृह यामुळे इथे मानवी आवाज क्षणभर रेंगाळतो आणि चार भागांत गाणाऱ्या वृंदाचे सूर एकमेकांत मिसळतात. माइकची गरज फारशी राहत नाही. मराठी कानाला हे सूर वाटतात तितके परके नाहीत. बालगंधर्वांच्या नाटकांत साथीला असलेला ऑर्गन हा चर्चमधल्या वाद्याचाच धाकटा भाऊ. उलट दिशेने रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन चर्चमध्ये नेलं आणि मराठी ख्रिस्ती मंडळी आजही त्यांची पदं गातात. ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झालेली आहे.

इतरत्रही हाच अनुभव आहे. लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या १७२६ च्या चर्चमध्ये दुपारच्या मैफलींना रस्त्यावरून जाणारा कुणीही येऊन बसतो. तिथूनच निघालेला वाद्यवृंद जगभर नावाजला. जुन्या गोव्यात कपेला दो मोंती या टेकडीवरच्या कपेलात या शतकाच्या सुरुवातीपासून संगीत महोत्सव भरतो आणि त्यात पाश्चात्त्य संगीताबरोबर भारतीय अभिजात संगीतही असतं. मैफलीला आलेला माणूस त्या वास्तूच्या गळक्या छपराचीही काळजी करू लागतो, हे त्यामागचं साधं गणित.

आपल्या बाजूला

मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ मध्ये झाली, इंद्रलोकसारख्या वसाहती काही दशकांच्या. त्यामुळे आपल्या शहराला इतिहास नाही, असा समज इथे सहज रुजतो. पण रिक्षाने किंवा बसने तासाभरात गाठता येणाऱ्या उत्तन, डोंगरी, पाली, चौक या गावांत कोळी आणि ईस्ट इंडियन समाजाची मराठी बोली, सण आणि शतकांची चर्चपरंपरा जिवंत आहे. धारावीचा किल्ला तिथेच आहे.

ही गावं आणि नवी वसाहत यांच्यात ये-जा व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी कोणत्याही पॅरिशवर पर्यटनाचा बोजा टाकायचा नाही. उपासनेची वेळ सोडून वर्षातले एक-दोन दिवस ठरवावेत, गावातल्याच जाणत्या माणसांनी आपल्या बोलीत चर्चची आणि किल्ल्याची गोष्ट सांगावी, संध्याकाळी गावच्या गायकवृंदाने गावं. शाळांनी मुलांना आणावं, पालिकेने बसची सोय करावी, आलेल्यांनी जमेल तेवढी रक्कम वास्तूच्या डागडुजीसाठी द्यावी. पाहुण्यांनीही चपला, फोन आणि आवाज यांचं भान ठेवावं, चालू उपासनेत फोटो काढू नयेत.

चर्चच्या दारात पुष्कळ जण अडखळतात. आपण इथले नाही, आत घेतील का, असा संकोच असतो. रामा कामतीने तो संकोच तीनशे वर्षांपूर्वी मोडला. देऊळ बांधणाऱ्याने चर्चमध्ये येऊन बसणं त्या काळाला जमलं, तर आपल्याला न जमण्याचं काही कारण नाही. येत्या नाताळात एक संध्याकाळ सेंट थॉमसला द्यावी आणि त्याआधी एक रविवार उत्तनला. वारसा जपण्याची सुरुवात तिथे जाण्यापासूनच होते.