ओहोटीची प्रदक्षिणा

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा केव्हा करावी, हे देवाच्या आधी दर्याला विचारावे लागते. कारण देवळामागच्या डोंगराला वळसा घालणारी ही वाट काही अंतर थेट समुद्रकाठच्या कातळावरून जाते आणि भरती चढली की पाण्याखाली नाहीशी होते. किनाऱ्यावरच्या लोकांचा यासाठी एक जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. मी गेलो ती कार्तिक वद्य द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि तिच्या सहा तास आधीची ओहोटी सकाळी साडेसातला.

आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा कालभैरव, हा दर्शनाचा शिरस्ता. पेशव्यांचे हे कुलदैवत. श्रीवर्धनची देशमुखी ज्या भट घराण्याकडे होती, त्यातलेच बाळाजी विश्वनाथ.

खिंडीतल्या पायऱ्या उतरून खाली आले की दक्षिणेस सावित्रीचे मुख, पलीकडे बाणकोट, आणि उजवीकडे कड्याची ती विलक्षण भिंत : साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण, आणि त्यावर मधाच्या पोळ्यासारखी दाटीने पडलेली छिद्रे. काही मुगाच्या दाण्याएवढी, काही मूठ मावेल अशी. दोन छिद्रांमधला पडदा कोठे कोठे नखाइतका पातळ. एका खळग्यात बोट फिरवले, तो पांढरी भुकटी लागली. जिभेवर ठेवली, मीठ होते.

लाटांनी हे कोरले, असे येणारा प्रत्येकजण म्हणतो. पायाखालचा सपाट कातळ आणि मागचा तुटलेला कडा ही लाटांचीच करणी खरी. परंतु ही जाळी मिठाने विणली आहे. तुषारांचे पाणी पाषाणाच्या सूक्ष्म रंध्रांत शिरते, उन्हाने ते उडून जाते, मागे राहिलेल्या मिठाचे स्फटिक वाढता वाढता रंध्रांच्या भिंतींवर असा दाब आणतात की एकेक कण सुटून गळतो. आणि एकदा खळगा पडला की त्यात ओल अधिक काळ टिकून तो आणखी खोल होत जातो. एवढ्या कठीण पाषाणाला एवढ्या मऊ पदार्थाने झिजवावे, याचे नवल मला अनेकदा येऊनही ओसरलेले नाही.

म्हणूनच त्या जाळीवर टोकदार दगडाने खरवडलेली नावे पाहून जीव कळवळला. नखाएवढा पडदा एका फटक्यात तुटतो, आणि तो पुन्हा घडविण्याची युक्ती कोणत्याही सरकारी दप्तरात नाही.

समोर एक वृद्ध बाई कातळावरची कालवे कोयतीने फोडीत बसली होती. मी वहीत आकृती काढण्यात गढलो होतो. तिने टोपली उचलली, खळग्यांत भरू लागलेल्या पाण्याकडे बोट केले आणि म्हणाली, "पाणी फिरलं, दादा. आता वर चला."