ब्रिटनमधील केएफसी चिकनटंचाई (२०१८)

ब्रिटनमधील केएफसी चिकनटंचाई हा फेब्रुवारी २०१८मध्ये युनायटेड किंग्डम व आयर्लंड येथे उद्भवलेला पुरवठा-विस्कळीतपणाचा प्रसंग होय. तळलेल्या चिकनसाठी प्रसिद्ध असलेल्या केएफसी या उपाहारगृह-साखळीच्या तेथील सुमारे ९०० शाखांपैकी निम्म्याहून अधिक शाखा चिकन न मिळाल्यामुळे काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. त्या वेळी देशात कोंबड्यांची कमतरता नव्हती, कोंबड्यांमध्ये रोगाची साथ नव्हती, वाहतूकदारांचा संपही नव्हता. माल होता, पण तो गोदामातून शाखांपर्यंत पोहोचत नव्हता. त्यामुळे रूढ अर्थाने हिला टंचाई म्हणणे काटेकोर नसले, तरी बंद दाराशी उभ्या राहिलेल्या ग्राहकाच्या दृष्टीने या भेदाला अर्थ नव्हता.

पार्श्वभूमी

केएफसी, म्हणजे मूळची ‘केंटकी फ्राइड चिकन’, ही साखळी अमेरिकेत हारलँड सँडर्स यांनी उभी केली. १९३०च्या सुमारास केंटकी राज्यातील कॉर्बिन या गावी पेट्रोलपंपावर थांबणाऱ्या प्रवाशांना ते जेवण देत असत. कढईत कोंबडी तळायला अर्धा तास लागतो आणि प्रवासी तेवढा थांबत नाही, ही त्यांची अडचण होती. दाबाखाली तळण्याची पद्धत अवलंबून त्यांनी हा वेळ बराच कमी केला. १९५२मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील पीट हार्मन यांनी सँडर्स यांच्या परवान्याने पहिली शाखा सुरू केली. ब्रिटनमधील पहिली शाखा १९६५मध्ये लँकेशायरमधील प्रेस्टन येथे निघाली. मॅकडॉनल्ड्स त्या देशात १९७४मध्ये आले, हे लक्षात घेतले म्हणजे केएफसीचे तेथील स्थान किती जुने आहे ते कळते. मासे व बटाट्याचे तळलेले काप हा ज्या लोकांचा परंपरागत बाहेरचा खाऊ होता, त्यांच्यात तळलेली कोंबडी दोन पिढ्यांत रुळून गेली होती. शनिवार-रविवारी कुटुंबासाठी कागदी बादलीभर चिकन घरी नेणे ही अनेक घरांतील ठरलेली रीत होती.

या साखळीचा मुख्य पदार्थ हाडासकट असलेल्या ताज्या कोंबडीचा असतो. ब्रिटनमधील शाखांत ताजे मांस येते, स्वयंपाकघरातच त्याला हाताने मसालेदार पीठ लावले जाते आणि मग ते दाबाखाली तळले जाते. ग्राहक ज्या चवीसाठी येतो ती बरीचशी या ताजेपणावर अवलंबून आहे. पुरवठ्याच्या दृष्टीने मात्र हीच नाजूक बाजू ठरते. गोठवलेला माल महिनाभर साठवता येतो आणि गाडी एक दिवस चुकली तरी काम निभावते. ताजे मांस असे साठवून ठेवता येत नाही. प्रत्येक शाखेला ठरावीक दिवशी, ठरावीक तापमानात आणि मोजक्या प्रमाणात माल मिळावा लागतो. उशिरा आलेला माल वापरता येत नाही, आणि न वापरलेला माल टाकून द्यावा लागतो.

वितरणव्यवस्थेतील बदल

२०१८पूर्वी ब्रिटनमधील शाखांना मालपुरवठा करण्याचे काम बिडवेस्ट लॉजिस्टिक्स ही अन्नवितरणातील अनुभवी कंपनी करीत असे. २०१७मध्ये हे कंत्राट डीएचएलकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर झाला. मागणीचा अंदाज व साठ्याचे नियोजन क्यूएसएल या दुसऱ्या कंपनीकडे देण्यात आले. बिडवेस्टच्या गोदामांतील नोकऱ्यांवर या बदलामुळे गदा येणार असल्याने जीएमबी या कामगार संघटनेने त्याला आधीच विरोध केला होता. या निर्णयाचे परिणाम भोगावे लागतील, असा इशारा आपण दिला होता, असे संघटनेने नंतर सांगितले. संघटनेचे हितसंबंध त्यात गुंतलेले होते हे खरे, पण तिचे भाकीत चुकले नाही हेही तितकेच खरे.

बिडवेस्ट सहा गोदामांतून माल पाठवीत असे. नव्या रचनेत वॉरिकशायरमधील रग्बी येथील एकाच गोदामावर सारा भार आला. रग्बी हे इंग्लंडच्या मध्यभागी, मोठ्या महामार्गांच्या संगमाजवळ वसलेले असल्याने नकाशावर ही निवड सोयीची दिसते. परंतु अनेक गोदामांपैकी एकात अडचण आली तर बाकीची काही भार उचलू शकतात, एकमेव गोदाम अडले तर सारेच अडते. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी नवी व्यवस्था सुरू झाली आणि त्याच दिवशी रग्बीजवळील एम ६ महामार्गावर अपघात होऊन वाहतूक खोळंबली. गाड्या अडकल्या, गोदामातील कामाचा क्रम बिघडला, आणि पुढच्या दिवसांचा माल मागच्या दिवसांच्या मालावर साचत गेला. केवळ अपघाताने एवढा घोळ झाला असे म्हणता येत नाही. रस्ते मोकळे झाल्यानंतरही कित्येक दिवस पुरवठा सावरला नाही, यावरून दोष मुळात रचनेत होता असे दिसते. सहाशे मैल लांबीच्या देशात जुनी व्यवस्था एका रात्रीत बंद करून नवी सुरू करणे, तेही दोन्ही काही काळ बरोबर न चालवता, हा निर्णयच धाडसाचा होता.

ग्राहकांचे अनुभव

पहिल्या दोन दिवसांत ग्राहकांना अनुभवास आली ती अपुरी पदार्थसूची. हाडासकट चिकन संपले आहे, अमुक बर्गर नाही, तमुक मिळेल, असे गल्ल्यावर सांगितले जाई. १७ व १८ फेब्रुवारीच्या शनिवार-रविवारी परिस्थिती बिघडली आणि एकामागून एक शाखा बंद होऊ लागल्या. नेमके याच सुमारास अनेक ठिकाणी शाळांची मध्यसत्र सुटी होती, त्यामुळे मुलांना घेऊन आलेली कुटुंबे दारावर चिकटवलेली सूचना वाचून परतली. काही जण आपल्या गावची शाखा बंद पाहून शेजारच्या गावी गेले आणि तेथेही तीच सूचना पाहून आले. गाडीतूनच माल घेण्याची सोय असलेल्या शाखांत तर आत वळल्यावरच खिडकी बंद असल्याचे कळे. कोणती शाखा उघडी आहे हे सांगणारे पान कंपनीने आपल्या संकेतस्थळावर सुरू केले, परंतु सकाळी उघडी असलेली शाखा दुपारी माल संपताच बंद होत असल्याने त्या माहितीवर विसंबणे अवघड होते.

लोकांच्या प्रतिक्रिया दोन टोकांच्या होत्या. एकीकडे थट्टेला ऊत आला. ‘कोंबडीने रस्ता का ओलांडला?’ हे इंग्रजीतील मुलांचे जुने कोडे आहे. कंपनीने स्वतःच त्याचा आधार घेऊन, कोंबडीने रस्ता ओलांडला खरा, पण ती आमच्या उपाहारगृहांत पोहोचली नाही, अशा आशयाचा संदेश प्रसृत केला. दुसरीकडे राग होता, आणि काहींचा राग मर्यादेपलीकडे गेला. पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स येथील पोलिसांना, उपाहारगृहात आपल्याला हवा तो पदार्थ मिळाला नाही ही पोलिसांची बाब नाही, असे जाहीरपणे सांगावे लागले. मँचेस्टर परिसरातील पोलिसांनीही चिकन संपल्याची तक्रार घेऊन दूरध्वनी करू नका, अशी विनंती केली. आपल्याला नाइलाजाने बर्गर किंगमध्ये जावे लागले, असे वैतागून सांगणाऱ्या एका महिलेची दूरचित्रवाणीवरील मुलाखत देशभर पाहिली गेली व तिची नक्कलही झाली.

या हशात एक गोष्ट झाकली गेली. आणीबाणीच्या क्रमांकावर चिकनसाठी फोन करणारा माणूस हास्यास्पद ठरतो, आणि ते योग्यच आहे. परंतु सोमवारी सकाळी कामाला आलेल्या व शाखा बंद पाहून परतलेल्या कर्मचाऱ्याचा अनुभव फारसा कोणी विचारला नाही.

कर्मचारी व शाखाचालक

बहुतेक शाखा कंपनीच्या मालकीच्या नसून परवानाधारक चालवीत होते. शाखा बंद राहिली तर पहिले नुकसान त्यांचे होते, आणि पुरवठादार निवडण्याचा अधिकार मात्र त्यांचा नव्हता. वेतनाबाबत कंपनीने असे जाहीर केले, की तिच्या स्वतःच्या शाखांतील पगारी कर्मचाऱ्यांना नेहमीचे वेतन मिळेल आणि तासांवर काम करणाऱ्यांना मागील १२ आठवड्यांच्या सरासरी तासांनुसार मोबदला दिला जाईल. परवानाधारकांनीही हेच धोरण ठेवावे असे सांगण्यात आले, पण तो सल्ला होता, सक्ती नव्हती. म्हणजे एकाच गणवेशातील दोन कर्मचाऱ्यांचे आठवड्याचे उत्पन्न ते कोणाच्या शाखेत काम करतात यावर अवलंबून राहिले. बंदच्या काळात रजा घेण्यास कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन दिले जात होते, मात्र तशी सक्ती केली जाणार नाही, असेही कंपनीने म्हटले. गोदामात अडकलेल्या मांसाचा काही भाग वाया जाणार असल्याचे तिने मान्य केले.

क्षमायाचनेची जाहिरात

२३ फेब्रुवारी रोजी ‘द सन’ व ‘मेट्रो’ या वृत्तपत्रांत पूर्ण पानाची जाहिरात झळकली. तांबड्या पार्श्वभूमीवर रिकामी कागदी बादली, आजूबाजूला कुरकुरीत पिठाचे कण, आणि बादलीवर कंपनीच्या नावाची तीन अक्षरे उलटसुलट क्रमाने: ‘एफसीके’. इंग्रजी वाचकाला या तीन अक्षरांत एक अक्षर गाळलेली शिवी लगेच दिसते. ती शिवी माणूस आपल्या हातून मोठी चूक झाल्यावर स्वतःशीच पुटपुटतो, त्या जातीची आहे. खालच्या मजकुरात ग्राहकांची, विशेषतः दूरवरून येऊन बंद दार पाहिलेल्यांची, क्षमा मागितली होती आणि कर्मचारी व शाखाचालकांचे आभार मानले होते. पुरवठादाराचे नाव घेऊन त्याच्यावर दोष ढकललेला नव्हता. ‘मदर’ या लंडनच्या संस्थेने तयार केलेल्या या जाहिरातीचा कान येथील जाहिरात महोत्सवात गौरव झाला आणि जनसंपर्काच्या अभ्यासक्रमांत ती आजही उदाहरण म्हणून दाखवली जाते. तिच्या यशात शब्दचातुर्याइतकाच वाटा आणखी एका गोष्टीचा आहे: ती छापून आली तेव्हा बऱ्याच शाखा पुन्हा उघडत होत्या. दारे बंदच राहिली असती, तर तीच विनोदबुद्धी उर्मटपणा ठरली असती.

पुरवठा पूर्ववत होणे

चिकन पोहोचू लागले तरी महिनाअखेरीस ग्रेव्हीचा तुटवडा जाणवला. येथे ग्रेव्ही म्हणजे मराठी स्वयंपाकातील वाटणाचा दाट रस्सा नव्हे, तर मांसाच्या अर्कापासून केलेले तपकिरी, पातळसर कालवण. बटाट्याचे काप त्यात बुडवून खाण्याची तेथे आवड असल्याने या नव्या तुटवड्यावरही थट्टेची दुसरी लाट उसळली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी कंपनीने उत्तरेकडील सुमारे ३५० शाखांचा पुरवठा पुन्हा बिडवेस्टकडे सोपवला. ज्या कंपनीला सुमारे तीन आठवड्यांपूर्वीच निरोप दिला होता, तिलाच परत बोलवावे लागले. रग्बीच्या गोदामावरील भार त्यामुळे हलका झाला. उरलेल्या शाखा त्या वेळी डीएचएलकडेच राहिल्या.