विश्लेषण : कपाशीतला कामगंध सापळा नेमके काय सांगतो?

जालना : राजूर (ता. भोकरदन) परिसरात कपाशी पाते-फुलांवर आली की गुलाबी बोंडअळीची धास्ती सुरू होते. 2017 मध्ये याच अळीने विदर्भ-मराठवाड्यात मोठे नुकसान केले होते. तिची चाहूल देणारे स्वस्त साधन म्हणजे कामगंध सापळा. तो काम कसा करतो?

कामगंध म्हणजे काय?
मादी पतंग रात्री एक रसायन हवेत सोडते. नर आपल्या स्पर्शिकांनी ते टिपतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने मादीपर्यंत पोहोचतो. कीटकांमधील असा गंध सर्वप्रथम 1959 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अॅडॉल्फ ब्युटेनान्ट यांनी रेशीम पतंगात ओळखला. गंधाची ही भाषा केवळ कीटकांची नाही. मादागास्करमधील लेमूर नर मनगटाजवळच्या ग्रंथींचा स्राव शेपटीला चोळून ती हवेत हलवतात.

सापळ्यात काय असते?
गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध 2 घटकांच्या साधारण समप्रमाणातील मिश्रणाने बनतो. त्याला ‘गॉसिप्ल्यूर’ म्हणतात. सापळ्यातील ल्यूरमध्ये हेच रसायन कृत्रिमरीत्या भरलेले असते. प्रत्येक किडीचा गंध वेगळा असल्याने दुसऱ्या किडीची ल्यूर लावल्यास उपयोग होत नाही.

मोजणी का महत्त्वाची?
अळी बोंडात शिरली की छिद्र बुजते आणि फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अंडी घालणारे पतंग कधी वाढले, हे आधीच कळावे लागते. पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी हेक्टरी 5 सापळे लावण्याची शिफारस आहे. एका सापळ्यात सलग 3 रात्री दररोज 8 किंवा जास्त पतंग आढळल्यास नियंत्रणाचे उपाय सुरू करावेत. सोबत डोमकळ्या शोधून नष्ट कराव्यात.

सापळ्यानेच अळी संपते का?
नाही. सापळ्यात फक्त नर अडकतात. उरलेला एक नरही अनेक माद्यांशी मीलन करू शकतो. हेक्टरी 5 सापळे हे औषध नसून इशारा देणारी घंटा आहे. सापळा लावला, पण पतंग मोजले नाहीत किंवा गंध उडालेली ल्यूर बदलली नाही, तर रिकामा सापळा पाहून शेतकरी निर्धास्त राहतो आणि बोंडे आतून पोखरली जातात.